ग्लासातले बुडबुडे आणि साडेचौदा हजार

माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पक्की पावती घ्या, पिशवीचा टॅग फेकू नका, मूठभर बी पीक निघेपर्यंत बाजूला ठेवा. वीस वर्षं सांगतोय. आणि आईच्या ऑक्सिजन मशीनच्या दुरुस्तीला मी साडेचौदा हजार रुपये बिनपावतीचे दिले. पंधरा सांगितले होते, रोखीला पाचशे कमी केले म्हणून खूषही झालो.

मशीन मिनिटाला पाच लिटरचं, २०२१ च्या मे महिन्यात सासऱ्यांसाठी घेतलेलं. तेव्हा मिळालं हेच नशीब. ते बरे झाले आणि मशीन माळ्यावर गेलं, तीन-चार पावसाळे तिथंच पडून होतं. मागच्या दिवाळीनंतर आईला घरी ऑक्सिजन लावायची वेळ आली. जन्मभर चुलीपुढं बसून फुंकणी फुंकली, धुरानं फुप्फुसं गेली. डॉक्टरांनी २ लिटर सांगितला, दिवसातून पंधरा-सोळा तास, आणि बोटाच्या मीटरवर ८८ ते ९२ राहिलं की पुरे असं बजावलं.

आषाढात मशीनचा पिवळा दिवा लागायला लागला, मधूनच पीं पीं. पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी नंबर दिला, मी फोन केला. दुसऱ्या दिवशी गडी मोटारसायकलवर हजर. वरचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली, दोन मिनिटांत निदान. "शेठ, जिओलाइट संपलं. दोन्ही बेड गेले." जिओलाइट म्हणजे हवा गाळणारे दाणे आणि बेड म्हणजे ते दाणे भरलेले डबे, हे मला नंतर कळलं. मीटर नाही, तपासणी नाही. मशीन घेऊन गेला. आम्ही जंबो सिलिंडर भाड्यानं आणला.

तिसऱ्या दिवशी मशीन परत. दिवा बंद, आवाज बंद. बायकोकडं काचेच्या ग्लासात पाणी मागितलं, आईच्या नाकातली नळी त्यात बुडवली. भदभद बुडबुडे. "बघा मावशी, केवढा जोर!" आई हसली. मग खिशातून ऑक्सिजन मोजायचं छोटं मीटर काढून नळीला लावलं. ९३ टक्के. मी पैसे मोजले. बायको दारातूनच म्हणाली, "अहो, ती गोळी एकवर होती ना?" फ्लोमीटरमधल्या, म्हणजे मिनिटाला किती लिटर सुटतंय ते दाखवणाऱ्या काचेतल्या गोळीकडं मी बघितलंच नव्हतं. मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

चार-पाच दिवसांत आई सुस्तावली. बोटावर ८५, ८४. त्या गड्याला फोन केला तर म्हणाला, फ्लो वाढवा, चारवर ठेवा. ठेवला. ८२ झालं. परभणीला दवाखान्यात नेलं. तिथं भिंतीतल्या ऑक्सिजनच्या लाइनवर तोच २ लिटर लावला आणि पाव तासात ९१. डॉक्टर म्हणाले, "आजींचं नंतर बघू, आधी मशीन तपासून आणा." फ्लो वाढवल्याचं कळल्यावर मात्र चांगलेच चिडले. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी चढते. चारवर खरा ऑक्सिजन येत असता तर वेगळीच पंचाईत झाली असती.

मशीन गाडीत घालून संभाजीनगरला नेलं. तिथला पोरगा बायोमेडिकलचं शिकलेला. आधी त्यानं काहीच उघडलं नाही. मशीन पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवलं, कारण सुरुवातीचा आकडा धरायचाच नसतो. मग मीटर लावून गोळी एकेक वर नेली आणि आकडे माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. १ लिटरला ९१. २ लिटरला ७८. ३ ला ६६. ५ ला ४९.

मी बघतच राहिलो. तो म्हणाला, "काका, हे मशीन ऑक्सिजन बनवत नाही, हवेतला नायट्रोजन धरून ठेवतं." हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन. कॉम्प्रेसर हवा दाबून एका बेडमध्ये ढकलतो, जिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरतात, ऑक्सिजन पुढं जातो. तेवढ्यात दुसरा बेड धरलेला नायट्रोजन फुस्स करून बाहेर सोडतो. दर काही सेकंदांनी पाळी बदलते. दाणे ओल धरून बाद झाले की थोड्या हवेला पुरतात, जास्तीला पुरत नाहीत. म्हणून १ लिटरला आकडा झकास, आणि गोळी वर नेली की घसरगुंडी. धडक्या मशीननं पाचलासुद्धा ९० च्या आसपास द्यायला पाहिजे. आणि ग्लासातले बुडबुडे? नुसती हवा सोडली तरी तेवढेच येतात.

मग उघडलं. दोन्ही बेडना काळा स्प्रे मारलेला, चकाचक. पोरानं नखानं रंग खरवडला तर खाली जुनं स्टिकर, २०२१ चं. खालच्या जाळीत पांढरी भुकटी, म्हणजे दाणे आत झिजत होते. पिवळ्या दिव्याची आणि बझरची वायर कापून वर टेप गुंडाळलेली. ऑक्सिजन कमी पडला तर ओरडायचं हे त्या बझरचं काम, आणि यानं त्याचंच तोंड बांधलं. हवा ओढायचा फिल्टर तर आमच्याच गावचा, कापसाच्या तंतूंनी गच्च आणि तव्यासारखा काळा. तो दोन-अडीचशेचा फिल्टरसुद्धा बदललेला नव्हता.

गंमत म्हणजे बेड खरंच गेलेले होते. त्या गड्याचं निदान अंदाजानं का होईना बरोबर निघालं, फक्त बदललं काही नाही. पण पोरानं लगेच नवे बेड टाकले नाहीत. आधी नवा फिल्टर लावून मोजलं, आकडे जरासे वर आले. मग सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली, कॉम्प्रेसरचा दाब मोजला, व्हॉल्व्ह पाळीपाळीनं उघडतोय का ते ऐकलं. बेड सगळ्यात शेवटी. काढलेले जुने बेड न मागता माझ्या हातात दिले आणि बिलावर मशीनचा आणि नव्या बेडचा नंबर लिहिला. निघताना परत मोजलं. ५ लिटरला ९३.

त्या गड्याला फोन लावला. "मशीन जुनं आहे शेठ, मी गॅरंटी कुठं दिली होती?" नंतर नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. तिथं पहिला प्रश्न बिलाचा. फोनवरून पैसे पाठवले असते तरी काही पुरावा राहिला असता. रोखीचं काय दाखवणार?

आता मीटर माझंच आहे. दर एक तारखेला १, २ आणि ५ लिटरचे आकडे मशीनच्या झाकणावर मार्करनं लिहितो. गोळी बायको बघते, मी फक्त लिहितो. जुने बेड दुकानात काउंटरखाली ठेवलेत. परवा मानवतकडचा एक शेतकरी हरभऱ्याचं बियाणं घ्यायला आला होता, त्याची नजर पडली. हे काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. तो गप्पच झाला. त्याच्या वडलांचं मशीन आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त झालं होतं. "ग्लासात बुडवून दाखवलं की हो," म्हणाला, "लई जोरात बुडबुडे होते." मीटर पिशवीत घालून त्याच्याकडं दिलं, सोमवारी परत आण म्हटलं.