केबलविना आठ महिने: लिनक्स लॅपटॉप आणि मोबाईल

बेळगाव जिल्ह्यातील खानापुरात माझे लग्नपत्रिका आणि अर्ज टाईप करून देण्याचे छोटे दुकान आहे. कुबुंटू 24.04 ही लिनक्स प्रणाली असलेला लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन यांच्यातील फाईलींची ने-आण मी गेले आठ महिने वायफायवरून करतो. केबल सोडावी लागली ती फोनची चार्जिंग पिन सैल झाल्यामुळे. पहाणीच्या (शेतजमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यांचे तीस-चाळीस फोटो उतरवताना जरा धक्का लागला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे.

स्वतःच्या फोनसाठी केडीई कनेक्ट हे फोन आणि संगणक जोडणारे ॲप वापरतो. कुबुंटूत ते आधीपासूनच असते. फोनवर ॲप घ्यायचे, दोन्ही पडद्यांवरचा पडताळणीचा संकेत एकच आहे ना ते पाहायचे आणि जोडणी मान्य करायची. मला मात्र पहिले दोन दिवस लॅपटॉपवर फोन दिसलाच नाही. ॲप काढून पुन्हा टाकले, राउटर बंद-चालू केला, आणि मग आठवले की फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय, मीच कधीतरी सुरू करून ठेवली होती. 1714 ते 1764 हे पोर्ट (जोडणीचे क्रमांक दिलेले दरवाजे) टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडले आणि फोन लगेच यादीत आला. पुढे फोनची बॅटरी बचत या ॲपला झोपवत असे, म्हणून त्याला त्यातून वगळावे लागले. तेव्हापासून डॉल्फिनमध्ये, म्हणजे कुबुंटूच्या फाईली पाहण्याच्या खिडकीत, फाईलवर उजवी क्लिक करून ती फोनवर पाठवणे अंगवळणी पडले आहे. फाईलींची मराठी आणि कन्नड नावेही जशीच्या तशी पोहोचतात.

गिऱ्हाइकाच्या फोनशी अशी कायमची जोडणी करणे मला बरे वाटत नाही. तिथे लोकलसेंड हे फाईली पाठवण्याचे ॲप कामी येते. त्याला खाते लागत नाही, आयफोनवरही ते चालते, फक्त 53317 हा पोर्ट उघडा हवा. अडचण एवढीच, की समोरच्याने ते ॲप घ्यायला हवे. "व्हॉट्सॲपवर टाकतो की, घ्या की तुम्ही," असे म्हणणारेच जास्त, आणि तिथून नेहमीसारखा फोटो म्हणून आलेल्या उताऱ्यातली बारीक कन्नड अक्षरे छापताना पुसट होतात, हे त्यांना दर वेळी कागद दाखवूनच पटवावे लागते.

जुलैच्या पावसात एकदा दुपारभर लाईट नव्हती, त्यामुळे राउटरही बंद. मुलीचे वडील पत्रिकेची पीडीएफ घेण्यासाठी खेड्यातून आले होते. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला, लॅपटॉप आणि त्यांचा फोन त्यावर घेतला आणि फाईल पाठवली. दोन्ही यंत्रे एका नेटवर्कवर असली की पुरते. फाईल इंटरनेटवर जात नाही, म्हणून डेटाही खर्च होत नाही. मात्र बेळगावात भाच्याच्या वसतिगृहातील वायफायवर दोन्ही यंत्रे एकमेकांना दिसलीच नाहीत, कारण तिथे उपकरणांचा आपसातील संपर्क बंद ठेवलेला होता. तिथेही हॉटस्पॉटच लावला.

माझी खरी तक्रार मोठ्या व्हिडिओंबद्दल आहे. मध्येच वायफाय तुटले, की पाठवणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून लग्नाचे चित्रीकरण उतरवायचे असले, की दुकान बंद करायच्या वेळी फोन राउटरशेजारी ठेवतो आणि फाईल पूर्ण उतरेपर्यंत शटर अर्धेच ओढून बसतो.