रत्नागिरीतला रविवारचा कुरआन अभ्यासवर्ग: पहिला तास भक्कम, दुसरा तोकडा

दोन तासांत कुरआनच्या तीन-चार आयतींच्या (वचनांच्या) पुढे हा वर्ग सरकत नाही, आणि हेच त्याचं बलस्थान. अरबी येत नसली तरी अडत नाही.

पद्धत आधुनिक इस्लामी विचारवंत फजलुर रहमान (१९१९–१९८८) यांची: आजचा प्रश्न घेऊन कुरआनच्या काळात जायचं, हुकुमामागचं नैतिक तत्त्व शोधायचं, मग ते घेऊन आजच्या परिस्थितीत परतायचं.

सूरह निसाचं, म्हणजे कुरआनच्या चौथ्या अध्यायाचं, सत्र सगळ्यांत सरस. तिसरी आयत एरवी ‘चार लग्नांची आयत’ म्हणून सुटी उचलली जाते. इथे आधी दुसरी वाचून घेतात: अनाथांचा माल अनाथांना द्या. मग लक्षात येतं, की तिसरीची सुरुवातच ‘अनाथांना न्याय देता येणार नाही अशी भीती असेल तर’ या शर्तीने होते. पाठोपाठ १२९वी: बायकांमध्ये पुरता न्याय तुम्हाला जमणारच नाही. शान-ए-नुजूल (आयत उतरण्यामागचा प्रसंग) म्हणून बहुतेक जण उहुदच्या लढाईनंतरच्या (इ. स. ६२५) विधवा आणि अनाथ एवढंच सांगून मोकळे होतात. इथल्या कागदावर बुखारी या हदीससंग्रहातली, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची रिवायतही (त्यांनी सांगितलेली हकिकत) शेजारी छापलेली असते: पालकाच्या ताब्यातली अनाथ मुलगी, तिच्या मालावर त्याचा डोळा, आणि वाजवी मेहेर (नवऱ्याने वधूला द्यायचं धन) न देता तिच्याशीच लग्न करायचा बेत. ही रिवायत गाळली, की आयत कुणाच्या रक्षणासाठी आली तेच हरवतं.

दुसऱ्या तासात, परतीच्या वाटेवर, घाई होते. आजची परिस्थितीही तितकीच बारकाईने तपासावी, हा फजलुर रहमान यांचाच आग्रह. नेमका तोच सुटतो. वारशाच्या सत्रात (४:११) चर्चा अडकते ती मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा का आणि ती कमावती झाल्यावर काय, यावर. प्रश्न रास्त आहे. पण कोकणात तो निम्मा वाटाही अनेकदा बहिणीच्या हाती पडत नाही. हक्कसोडपत्रावर सही होते आणि सातबाऱ्यावरून तिचं नाव जातं. थोडं असो वा फार, बाईचा हिस्सा ठरलेला आहे, असं सातवी आयत बजावते. ती आणि एक सातबारा समोर ठेवून हे सत्र घ्यायला हवं.

शाफई फिकहला (सुन्नी धर्मशास्त्राच्या चार परंपरांपैकी एकीला) इथे जवळपास जागाच नाही, ही मोठी उणीव. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. आपल्या इमामांचं म्हणणं कानावर न आल्याने नवखे ‘हे बाहेरचं मत’ म्हणून सगळंच बाजूला सारतात.

जाणार असाल तर ठरलेल्या आयतीच्या मागच्या-पुढच्या पाच आयती घरून वाचून जा आणि सुरुवात निसापासूनच करा.