७०-२०० मिमी झूम लेन्स: गुलमर्गच्या बर्फात आणि मोरजीच्या वाऱ्यात

स्नोबोर्डिंगच्या (फळीवर उभे राहून बर्फाचा उतार उतरण्याच्या खेळाच्या) छायाचित्रणासाठी घेतलेली ७०-२०० मिमी, एफ/२.८ (कमी उजेडातही भरपूर प्रकाश घेणारी) झूम लेन्स मी हिवाळ्यात गुलमर्गला आणि पुढचे काही महिने गोव्यातल्या मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग (मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाण्यावर सरकण्याचा खेळ) टिपण्यासाठी वापरली. तांत्रिक बाजूने तक्रारीला फारशी जागा नाही: शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवल्यास हवेतला स्वार रेखीव येतो. बर्फ करडा पडू नये म्हणून एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे लागते, पण ते काम आपले, लेन्सचे नव्हे.

‘तंत्र सोडा, भावना टिपा’ असा सल्ला पणजीतले माझे छायाचित्रकार मित्र नेहमी देतात. स्नोबोर्डिंगपुरता तो मला पोकळ वाटतो. हेल्मेट आणि गॉगलमुळे स्वाराचा चेहरा दिसतच नाही. भीती किंवा जिद्द शोधायची ती खांद्यांच्या ठेवणीत आणि गुडघ्यांच्या वाकण्यात. हाताने बोर्डची कड धरण्याचा, म्हणजे ग्रॅबचा क्षण हुकला, तर जाणकार स्वारांच्या लेखी ते छायाचित्र अर्धवटच राहते. मात्र २०० मिमीवर, म्हणजे सर्वांत जवळच्या झूमवर, सगळी चौकट स्वाराने भरून टाकली, तर निळ्या आकाशात लटकलेला माणूस एवढेच उरते. उडी कुठून घेतली आणि उतरायचे कुठे, हे दिसल्याशिवाय पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येणार कसा? म्हणून मी बहुतेक वेळा ७० ते १०० मिमीमध्येच राहिलो.

उतरल्यावर स्वार गॉगल वर सरकवून मागे वळून उताराकडे पाहतो. तो चेहरा हवा असेल, तर सगळा बर्स्ट (सलग वेगाने टिपलेली चित्रे) उडीवरच खर्चून कॅमेऱ्याचा बफर (चित्रे कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती साठवण) भरू देऊ नये, आणि स्क्रीनवर मागची चित्रे चाळत तर मुळीच बसू नये. काइटसर्फिंगमध्ये चेहरे उघडे असल्यामुळे भावना जवळजवळ फुकटच मिळते.

लेन्सचे वजन सुमारे दीड किलो असल्याने दिवसअखेर मनगट बोलू लागते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जोडीची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करावा, नाहीतर त्यावर दव धरते. गोव्यात त्रास वेगळा: पावसाळ्यात काचेवर बुरशी चढते, तेव्हा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट (कोरडे कपाट) हवेच. केवळ किनाऱ्यासाठी लेन्स घेणाऱ्यांनी हलकी, पण प्रकाश कमी घेणारी एफ/४ आवृत्ती पाहावी. मोरजीच्या लख्ख उन्हात एफ/२.८ची गरज क्वचितच पडते.