जिमी जॉन्सन तक्ता: ढीगभर पिक्स देऊन एक खेळाडू घेताना त्याच्यावर किती विसंबावं?

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, वर चढून एखादा खेळाडू उचलायचा तर किती पिक्स (निवडीच्या पाळ्या) मोजायचे, याचा हिशोब गेली तीसेक वर्षं एकाच कागदापासून सुरू होतो. डॅलस काउबॉइजचे तेव्हाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाने तो ओळखला जातो, पण तयार केला क्लबचे भागीदार माइक मॅकॉय यांनी, १९९१ च्या सुमारास. हर्शेल वॉकर या खेळाडूला १९८९ मध्ये मिनेसोटाकडे धाडून डॅलसने पिक्सचा मोठा साठा जमवला होता. घड्याळ चालू असताना फोनवर सौदे करायचे, तर झटपट भाव काढणारं काहीतरी हाताशी हवं होतं. मॅकॉय यांनी आधीच्या वर्षांतले प्रत्यक्ष सौदे पाहिले आणि त्यावरून प्रत्येक क्रमांकाला गुण दिले.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. या तक्त्यात खेळाडूंची कामगिरी कुठेच मोजलेली नाही. क्लब आजवर काय मोजत आले, तेवढंच त्यात आहे. बाजारभाव कळण्यासाठी तक्ता उत्तम आहे. पण सौदा अंगाशी येईल की फळेल, हे त्याला विचारलं तर तो चुकीच्या दिशेला नेतो, आणि नेमका दुबळ्या संघांनाच जास्त चुकवतो.

वापर अगदी सोपा. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, पाचव्याला १७००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००. पहिल्या फेरीचा शेवटचा म्हणजे ३२ वा पिक ५९० चा, आणि दुसऱ्या फेरीच्या शेवटी ६४ वा २७० चा. दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि दोन आकडे जवळपास आले की सौदा बाजारभावाने झाला असं धरायचं. पुढच्या वर्षीच्या पिकाला मात्र क्रमांक नसतो, कारण तो संघ त्या मोसमात कसा खेळतो यावर ठरणार: संघ जितका वाईट, तितका पिक वरचा. म्हणून रूढ पद्धत अशी की एक वर्ष लांबचा पिक एक फेरी खाली उतरवून मोजायचा. पुढच्या वर्षीची पहिली फेरी (म्हणजे त्या फेरीतला पिक) म्हणजे यंदाच्या दुसऱ्या फेरीचा मध्य, साधारण ४८ वा क्रमांक, म्हणजे ४२० गुण. दोन वर्षं लांबची पहिली फेरी म्हणजे तिसऱ्या फेरीचा मध्य, ८० वा क्रमांक, १९० गुण.

सगळा घोळ या शेवटच्या पायरीत आहे.

२०१२ चा वॉशिंग्टनचा सौदा घ्या. रॉबर्ट ग्रिफिन तिसरा या क्वार्टरबॅकसाठी (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) त्यांनी सेंट लुइस रॅम्सकडून दुसरा क्रमांक घेतला. बदल्यात दिले सहावा आणि ३९ वा पिक, शिवाय २०१३ आणि २०१४ च्या पहिल्या फेऱ्या. सौद्याच्या दिवशीचा हिशोब असा: १६०० अधिक ५१० अधिक ४२० अधिक १९०, एकूण २७२०. समोर २६००. कुणीही याला रास्त भाव म्हणेल. पण २०१३ चा पिक २२ वा निघाला, ७८० गुणांचा. २०१२ मध्ये ग्रिफिन पहिल्याच मोसमात चमकला होता, संघ १०-६ (१० विजय, ६ पराभव) होता, त्यामुळे इथवर फारसं बिघडलं नव्हतं. मग प्लेऑफमध्ये त्याचा गुडघा गेला, पुढच्या मोसमात संघ ३-१३ वर घसरला आणि २०१४ चा पिक थेट दुसरा आला. त्याचे गुण २६००. म्हणजे प्रत्यक्षात मोजले १६०० अधिक ५१० अधिक ७८० अधिक २६००, एकूण ५४९०. तक्त्याने १९० ला लावलेली वस्तू २६०० ची निघाली. ज्या क्रमांकासाठी एवढा आटापिटा केला, तोच क्रमांक दोन वर्षांनी परत द्यावा लागला.

हा अपवाद नाही. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी धावपटू (रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा) रिकी विल्यम्ससाठी त्या ड्राफ्टमधले आपले हातात असलेले सगळे पिक्स आणि वर २००० च्या पहिल्या व तिसऱ्या फेऱ्या वॉशिंग्टनला दिल्या. मिळाला पाचवा क्रमांक, १७०० गुणांचा. संघ ३-१३ राहिला, डिटका गेले, आणि २००० चा पिक दुसरा निघाला. नुसता १२ वा आणि तो दुसरा मिळूनच ३८०० होतात, बाकीचे पिक्स वेगळेच. वॉशिंग्टनने पुढे शिकागोशी आणखी एक सौदा करून सातव्या क्रमांकावर चॅम्प बेली घेतला आणि सेंट्सच्या त्या दुसऱ्या पिकवर लावार एरिंग्टन. कॅरोलायना पँथर्सने २०२३ मध्ये क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी शिकागोकडून पहिला क्रमांक घेताना नववा, ६१ वा, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि वर डी. जे. मूर हा आघाडीचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) दिला. संघ २-१५. ती पहिली फेरी म्हणजे २०२४ चा पहिला क्रमांक झाला आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला. २०२५ ची दुसरी फेरी ३९ वी निघाली. १३५० अधिक २९२ अधिक ३००० अधिक ५१० म्हणजे ५१५२, मूर सोडून.

आता कॅन्सस सिटी. २०१७ मध्ये पॅट्रिक माहोम्ससाठी त्यांनी बफेलोला २७ वा, ९१ वा आणि २०१८ ची पहिली फेरी दिली आणि दहावा क्रमांक घेतला. सौद्याच्या दिवशी ६८० अधिक १३६ अधिक ४२०, म्हणजे १२३६, समोर १३००. पुढच्या वर्षीचा पिक निघाला २२ वा, ७८०. पश्चात हिशोबानेही १५९६ च झाले. संघ आधीच प्लेऑफचा, ॲलेक्स स्मिथसारखा अनुभवी क्वार्टरबॅक हातात, माहोम्सला पहिलं वर्ष बाकावर बसवता आलं. त्यामुळे पिक फार वर जाण्याची भीतीच नव्हती.

पुढच्या वर्षीचा पिक देणं ही उधारी आहे, आणि तिचं व्याज तुमच्याच पुढच्या मोसमावर ठरतं. संघ चांगला असेल तर उधारी स्वस्तात फिटते, वाईट असेल तर महाग. आणि वर चढण्याची घाई ज्या संघांना असते ते बहुधा वाईटच असतात. तक्ता मात्र दोघांनाही ४२० च लावतो. शिवाय एनबीएमध्ये दिसते तशी ‘पिक अमुक क्रमांकाच्या वर आला तर देणार नाही’ अशी संरक्षक अट एनएफएलच्या या सौद्यांत घालायची पद्धत नाही. खाली पडलात की पूर्ण पडलात.

म्हणून तक्ता वापरायचाच तर त्यात एक दुरुस्ती करावी. पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीला सरसकट ४८ वा क्रमांक लावू नये. आपला क्वार्टरबॅक पहिल्या महिन्यात जखमी झाला तर संघ कुठे संपेल, तो क्रमांक लावावा. उत्तर पाचव्याच्या आसपास येत असेल तर ती फेरी सौद्यात घालूच नये, त्याऐवजी याच वर्षीची दुसरी-तिसरी फेरी द्यावी. बफेलोने २०१८ मध्ये जॉश ॲलनसाठी हेच केलं. १२ वा, ५३ वा आणि ५६ वा देऊन सातवा घेतला. तक्त्यावर १९१० विरुद्ध १५००, म्हणजे ४१० गुण जास्त मोजले. त्या दिवशी कागदावर हा महागडा सौदा होता. पण सगळी किंमत त्याच दिवशी चुकती झाली, पुढच्या वर्षावर काही ठेवलं नाही, आणि २०१९ मध्ये त्यांच्याकडे पहिली फेरी शाबूत होती. जाहीर तोटा परवडतो, लपलेला नाही.

दुसरी उणीव: तक्त्याला खेळण्याची जागा दिसत नाही. क्वार्टरबॅक असो की धावपटू, पाचवा क्रमांक १७०० चाच. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या कामगार करारानंतर तर जागांमधलं हे अंतर फार वाढलं. त्याआधी वरचे पिक्स पैशानेही महाग होते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता, त्यातले ५ कोटी हमखास. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. नव्या नियमानुसार पहिल्या फेरीचा करार चार वर्षांचा, पाचवं वर्ष क्लबच्या मर्जीवर. चांगला क्वार्टरबॅक या काळात बाजारभावाच्या अंशावर खेळतो आणि वाचलेला पैसा बाकी संघात घालता येतो. धावपटू किंवा रिसीव्हरच्या बाबतीत ही बचत तितकी मोठी नसते. १९९१ चा तक्ता हे काहीच ओळखत नाही.

अटलांटाने २०११ मध्ये हुलिओ जोन्ससाठी २७ वा, ५९ वा, १२४ वा आणि २०१२ च्या पहिल्या व चौथ्या फेऱ्या क्लीव्हलँडला देऊन सहावा घेतला. जोन्स खरोखरच थोर निघाला, २०१५ मध्ये १८७१ यार्ड, पुढच्या मोसमात संघ सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) गेला. तरीही हा सौदा ‘फळला’ असं ठामपणे म्हणताना हात आखडतो. रिसीव्हर इतका असामान्य निघाला तेव्हा कुठे किंमत वसूल झाली. साधा चांगला निघाला असता तर पाच पिक्सचा खड्डा दिसलाच असता. क्लीव्हलँडने त्या पिक्समधून फिल टेलर, ग्रेग लिटल, ब्रँडन वीडन असे खेळाडू घेतले, म्हणजे विकणाऱ्यालाही फारसं साधलं नाही. ढीगभर पिक्स मिळणं वेगळं, त्यांतून संघ उभा करणं वेगळं.

तक्त्याचा वरचा चढही फार उभा आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी पगार आणि कामगिरी दोन्ही धरून अभ्यास केला, तेव्हा खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त मोल दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीच्या आसपास निघालं. एकाच जागेवरचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधीचा सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त होती. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी शिकागोने २०१७ मध्ये ६७ वा, १११ वा आणि पुढच्या वर्षीची तिसरी फेरी मोजली, मिचेल ट्रुबिस्कीसाठी. माहोम्स आणि डेशॉन वॉटसन त्यानंतर दहाव्या आणि बाराव्या क्रमांकावर गेले.

उधारी स्वस्तात फिटली तरी सौदा बुडू शकतो, हेही सांगायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी १२ वा, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली. संघ चांगला खेळल्याने त्या दोन्ही फेऱ्या २९ व्या निघाल्या. १२०० अधिक ६४० अधिक ६४०, म्हणजे तिसरी फेरी सोडून २४८०, समोर २२००. या यादीतला हिशोबाने जवळजवळ सर्वांत स्वच्छ सौदा हाच. पण घेतला ट्रे लान्स, ज्याने कॉलेजात खालच्या विभागात १७ सामने सुरू केले होते आणि २०२० मध्ये एकच सामना खेळला होता. सॅन फ्रान्सिस्कोसाठी त्याने चार सामने सुरू केले आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या बदल्यात तो डॅलसला गेला. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा पिक ब्रॉक पर्डी याने संघ सुपर बोलला नेला. इतके पिक्स अशा खेळाडूवर लावायचे की ज्याचे फारसे सामने पाहायला मिळाले नाहीत, ही चूक कुठलाही तक्ता पकडणार नाही. नवे तक्ते, उदाहरणार्थ दुसऱ्या करारातल्या पगारावर बेतलेला फिट्झजेराल्ड-स्पीलबर्गर, वरचा चढ सौम्य करतात आणि तुलनेसाठी शेजारी ठेवावेत असेच आहेत, पण तेही इथे थांबतात.

तर असा सौदा करावा कुणी? ज्या संघाची बचावफळी आणि आक्रमकफळी उभी आहे, फक्त क्वार्टरबॅक कमी आहे, त्याने वर चढावं. रॅम्सनी २०१६ मध्ये जॅरेड गॉफसाठी १५ वा, ४३ वा, ४५ वा, ७६ वा आणि २०१७ च्या पहिल्या व तिसऱ्या फेऱ्या टेनेसीला दिल्या. त्यांचा २०१७ चा पिक पाचवा गेला, टेनेसीला ४५ व्यावर डेरिक हेन्री मिळाला, तरी २०१८ च्या मोसमात रॅम्स सुपर बोलला पोहोचले. त्या सौद्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट लहान आहे: पहिल्या क्रमांकाबरोबर ११३ वा आणि १७७ वा हे दोन पिक्स त्यांनी परत मागून घेतले. जॅक्सनव्हिलने २०२५ मध्ये ट्रॅव्हिस हंटरसाठी पाचवा, ३६ वा, १२६ वा आणि २०२६ ची पहिली फेरी देताना दुसऱ्या क्रमांकाबरोबर १०४ वा आणि २०० वा घेतला. तक्त्यावर या परतीच्या पिक्सना शंभराच्या आतच गुण मिळतात, म्हणून विकणारा ते सहज सोडतो. रोस्टरची (संघातल्या खेळाडूंच्या यादीची) खालची बाजू स्वस्तात भरायला नेमके तेच लागतात. सौद्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत घासाघीस करायची ती यांच्यासाठी.