कमी रेटचं सबकॉन्ट्रॅक्ट काम घ्यायचं की रिकामा दिवस सोसायचा?

कार्पेट क्लीनिंगचा छोटा धंदा करणाऱ्याला हा फोन कधी ना कधी येतोच. एखादी मोठी कंपनी म्हणते आमच्याकडे कामं भरपूर आहेत, गिऱ्हाईक आम्ही शोधू, बिल आम्ही लावू, तुम्ही फक्त मशीन घेऊन जायचं आणि कामामागे अमुक एवढे घ्यायचे. तो आकडा ऐकला की जीव खट्टू होतो कारण आपल्या नेहमीच्या रेटच्या निम्मा पण नसतो, पण तेवढ्यात डायरीकडे नजर जाते, पुढचे चार दिवस कोरे असतात, आणि मशीनचा हप्ता तर काम असो नसो जाणारच असतो.

मी दोन्ही करून बघितलंय. सुरवातीचं दीड वर्ष जवळजवळ सगळं सबकॉन्ट्रॅक्टवर काढलं आणि नंतर हळूहळू स्वतःच्या गिऱ्हाइकांवर आलो. म्हणून दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून लिहितोय, ज्याला आत्ता ठरवायचंय त्याच्यासाठी.

आधी पैसे, कारण इथेच बहुतेक जण चुकीची तुलना करतात. समजा थेट गिऱ्हाइकाकडून तुम्ही एका कामाचे १०० घेता. त्यातले २५ गाडीचं इंधन, केमिकल आणि हेल्परचे, आणि ते गिऱ्हाईक मिळवायला जाहिरात, फोन, कोटेशनच्या चकरा असे सरासरी २० गेले, हातात उरले ५५. सबकॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्हाला ४० मिळतात, गिऱ्हाईक शोधायचा खर्च शून्य, पण ते २५ तसेच लागतात कारण कार्पेटला काय माहीत तुम्ही कुणाकडून आलात, तर हातात १५. म्हणजे तुलना १०० आणि ४० ची नाहीच, ५५ आणि १५ ची आहे. आता हप्ता, विमा, गाडी असा महिन्याचा पक्का खर्च ६०० धरला तर थेट कामं ११ केली की तो निघतो, सबची ४० करावी लागतात. दारातून निघून दारात परत येईपर्यंत एका कामाला ३ तास धरा, एकीकडे ३३ तास आणि दुसरीकडे १२० तास, आणि एवढं करून अजून घरखर्चाचा एक पैसा सुटलेला नाही. आकडे मी समजायला सोपे म्हणून धरलेत, तुमचे टाकून बघा, पण बघाच, अंदाजाने सोडू नका.

आता दुसरी बाजू पण तितकीच खरी आहे. ते १५ शून्यापेक्षा जास्त आहेत. पक्का खर्च दोन्हीकडे जाणारच आहे, तर रिकाम्या दिवशी घरी बसण्यापेक्षा १५ हातात आलेले बरे, हा हिशोब चुकीचा नाही. फक्त त्या २५ मध्ये मशीनची झीज धरलीय का ते बघा. व्हॅक्युम मोटर, पंप, हीटर, होज हे सगळं तासांवर झिजतं, आणि चाळीस स्वस्त कामं केली की अकरा कामांपेक्षा कितीतरी आधी मोटर बदलायची वेळ येते. मी पहिल्या वर्षी हे धरलंच नव्हतं, मोटर गेली तेव्हा कळलं की त्याआधीचे कित्येक आठवडे मी कमवत नव्हतो, मशीन थोडं थोडं विकून खात होतो.

अजून एक, चौरस फुटाचा किंवा खोलीमागचा रेट बघून लगेच नाही म्हणू नका, तासाचा रेट काढा. रात्रीचं ऑफिसचं काम घ्या, मोठा सलग एरिया, सोफे हलवायचे नाहीत, कमी पाण्याच्या एनकॅप्सुलेशन पद्धतीने (केमिकल मळाला धरून वाळतं, मग ते व्हॅक्युमने ओढायचं) होणारं, तिथे फुटाचा भाव एकदम कमी दिसतो पण तासाला भरपूर फूट होतात. किंवा भाडेकरू सोडून गेलेले तीन रिकामे फ्लॅट एकाच बिल्डिंगमध्ये, एकाच दिवशी, गाडी एकदाच लावायची. अशी कामं कमी रेटची असून परवडतात. आणि याच्या उलट, तीन कामं तीन टोकांना, प्रत्येक ठिकाणी जिने चढून पोर्टेबल मशीन वर न्यायचं, ती थोड्या बऱ्या रेटला मिळाली तरी मार खातात.

पेमेंटचं फार लांबवत नाही. थेट गिऱ्हाईक काम संपल्यावर दारातच पैसे देतं. मेन कंपनी, म्हणजे ज्यांनी काम दिलं ती, ३० दिवस म्हणते, काही ठिकाणी ६०, आणि दोन महिने इंधन आणि हेल्परचा पगार तुमच्या खिशातून. म्हणजे त्या काळात त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान असलेला माणूस त्यांना बिनव्याजी उधार देत असतो. हातात दोन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर रेट चांगला असला तरी सांभाळून.

माझ्या मते खरं नुकसान रेटमध्ये नाहीच, कामाच्या सवयीत आहे, आणि हे आतून बघितल्याशिवाय कळत नाही. कार्पेट नीट धुवायचं म्हणजे आधी कोरडं व्हॅक्युम, कारण मळातला मोठा हिस्सा कोरडी धूळ आणि माती असते आणि ती ओली झाली की चिखल होतो. मग प्री-स्प्रे, म्हणजे मळ सैल करणारं केमिकल, मारून १० ते १५ मिनिटं थांबायचं, ब्रश फिरवायचा, मग गरम पाण्याने एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाणी आत मारून मळासकट लगेच मशीनने ओढून घ्यायचं, आणि शेवटी पाणी न सोडता नुसतं ओढायचे दोन तीन फेरे. आता दिवसात एकाच्या जागी तीन कामं भरली की पहिल्यांदा काय जातं? कोरडं व्हॅक्युम जातं. मग ती पंधरा मिनिटं जातात. मग कोरडे फेरे जातात. कार्पेट सहा आठ तासांत वाळायचं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलं राहतं, साबण आत राहिला की चिकटपणा येतो आणि महिन्याभरात आधीपेक्षा लवकर काळं पडतं.

माझ्याबाबतीत झालेलं सांगतो. एका मेन कंपनीकडून आलेलं काम होतं, हॉलमध्ये चहाकॉफीचे जुने डाग, दिवसातलं तिसरं काम, संध्याकाळ झालेली. डाग गेले, बाईंनी मान डोलावली, मी निघालो. कोरडा फेरा मी एकच मारला होता. कार्पेटखालच्या पॅडमध्ये उतरलेलं सगळं, कार्पेट वाळताना ओल वर चढत गेली तशी तंतूंच्या टोकाला आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच डाग त्याच जागी, कडेला तपकिरी वळ घेऊन. तक्रार कंपनीकडे गेली, कंपनीने मला परत पाठवलं फुकट, आणि वर आधीच्या बिलातून पण कापले. चूक माझी होती हे मी मानतो. पण थेट गिऱ्हाईक असतं तर मी तिथे अर्धा तास जास्त थांबलो असतो, कारण त्या अर्ध्या तासाचे पैसे रेटमध्ये धरलेले असतात. स्वस्त रेटमध्ये तो अर्धा तास कुणीच धरलेला नसतो. त्या बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, तुम्ही कंपनीचेच ना, आणि मला खरंच काय उत्तर द्यावं कळेना.

दुसरं नुकसान म्हणजे गिऱ्हाईक कधी आपलं होतच नाही. बऱ्याच कार्पेट उत्पादकांच्या वॉरंटीत १२ ते १८ महिन्यांतून एकदा गरम पाण्याच्या एक्स्ट्रॅक्शनने साफ करून घ्यायची अट असते. म्हणजे आज थेट मिळालेलं गिऱ्हाईक दीड वर्षाच्या आत परत येऊ शकतं, सोफा पण देतं, शेजाऱ्याला नंबर पण देतं, आणि त्या पुढच्या कामांना वर धरलेले २० लागत नाहीत, हातात ७५ राहतात. सबचं गिऱ्हाईक तुम्ही कितीही जीव ओतून काम केलं तरी परत फोन करतं ते कंपनीला. ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की त्यांच्या गिऱ्हाइकाला तुम्ही थेट गाठायचं नाही, आणि सही केलीय तर ते पाळायचं, लपून कार्ड देऊ नका. पण हे वाक्य नुसतं त्यांच्या गिऱ्हाइकांपुरतं आहे की अख्ख्या भागात तुम्हाला काम करायला बंदी घालतंय हे नीट वाचा, दुसऱ्या प्रकारचं असेल तर सही करू नका.

एका गोष्टीबद्दल मला फार वाईट वाटतं. काही ठिकाणी रेट मुद्दाम इतका कमी ठेवतात की सबवाल्याने दारात जाऊन गिऱ्हाइकाला वाढीव कामं विकल्याशिवाय त्याचं भागूच नये. जाहिरातीत स्वस्त भाव, आणि घरी गेल्यावर प्री-स्प्रे वेगळा, डाग वेगळे, प्रोटेक्टर (पुढे डाग बसू नयेत म्हणून मारायचं केमिकल) वेगळा. प्रोटेक्टर खरंच उपयोगी असतो, पण पोटासाठी विकायला लागला की ज्याला नको त्याला पण विकला जातो. फोनवर तुम्हाला कुणी म्हटलं की रेट कमी आहे पण वरचं तुम्ही काढून घ्या, तर तिथेच थांबा. शिव्या गिऱ्हाईक तुम्हाला देणार, त्यांना नाही.

मग कुणी घ्यावं? नवीन असाल, हात बसायचा असेल, तर घ्या. सहा महिन्यांत जितक्या तऱ्हेची कार्पेटं आणि डाग बघायला मिळतात तितकी स्वतःच्या तुटपुंज्या गिऱ्हाइकांत तीन वर्षं लागतील, मला लोकर ओळखायला आणि तिच्यावर कडक अल्कलाइन केमिकल मारायचं नाही हे तिथेच शिकायला मिळालं. मंदीच्या महिन्यात पण घ्या. पण डायरीतला चौथा हिस्सा, त्याच्या वर नाही, आणि ते दिवस तुम्ही ठरवलेले, त्यांनी नाही. एकाच कंपनीकडून निम्म्याच्या वर काम यायला लागलं की रेट ते ठरवतात, आणि पुढच्या वेळी तो खालीच जातो. हेल्पर ठेवून फक्त सबची कामं करायची असा विचार असेल तर मी नाही म्हणेन, हेल्परचे देऊन उरलेल्या त्या १५ मध्ये तुमचं घर चालत नाही.

ज्याची डायरी निम्मी भरलेली आहे त्याने तर मुळीच घेऊ नये. त्याच्याकडे त्या कोऱ्या दिवसाचा याहून चांगला उपयोग आहे, जुन्या बिलांची वही काढायची, ज्यांचं काम होऊन वर्ष झालंय त्यांना एकेक करून फोन लावायचा. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा आवाज कापत होता, भीक मागतोय असं वाटत होतं, आणि तिसऱ्याच बाई म्हणाल्या, बरं झालं फोन केलात, तुमचा नंबरच हरवला होता.