वरचा थर खरा, खालचा सगळा खोटा: रायफलच्या केसमधल्या फोमने झालेली फसवणूक

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. या प्रकारात लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. त्यावर ६० वेळा नेम धरायचा. साइट, म्हणजे रायफलवरचं नेम धरायचं साधन, केसभर जरी हलली तरी गुण जातात. एका फोमच्या तुकड्याबद्दल मी इतकं लांबलचक का लिहितोय, असा प्रश्न कुणाला पडला तर त्याचं उत्तर हे आहे.

रायफलची केस चांगली होती. कडक प्लॅस्टिकची, झाकणाला रबरी सील, कुलपाला जागा. तिच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. आतला फोम मात्र चौकोनी ठोकळ्यांचा होता, हवे तेवढे ठोकळे हाताने उपटून जागा करायची असा. त्या फोमला मुळातच दम कमी. दोन हंगामांत मधल्या भिंती लुळ्या पडल्या, ठोकळे सुटून स्टॉकखाली, म्हणजे रायफलच्या दस्त्याखाली, अडकायला लागले. तेव्हा ठरवलं की रायफलच्या आकाराप्रमाणे फोम कापून घ्यायचा.

असा फोम कापून देणारा एक जण ऑनलाइन सापडला. जाहिरातीत सगळं बरोबर लिहिलं होतं: क्लोज्ड सेल पॉलिइथिलीन, घनता ३३ किलो प्रति घनमीटर, वॉटरजेटने, म्हणजे पाण्याच्या जोरदार बारीक धारेने, कापलेला. क्लोज्ड सेल म्हणजे फोममधला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, पाणी आत शिरत नाही आणि वजनाखाली भिंत सहज दबत नाही. गादीत किंवा सोफ्यात असतो तो ओपन सेल. त्याचे बुडबुडे एकमेकांत उघडे असतात, त्यामुळे तो मऊ लागतो आणि स्पंजासारखं पाणी पितो. हा फरक मला माहीत होता. म्हणून मी आधी नमुना मागितला. त्यांनी १० बाय १० सेंटीमीटरचा, ५ सेंटीमीटर जाडीचा काळा तुकडा पाठवला. दाबून पाहिला, घट्ट होता. पाण्यात टाकला, तरंगला आणि कोरडाच बाहेर आला. माझा विश्वास बसला तो इथे.

मग त्यांनी आराखडा पाठवला. काम खरंच विचार करून केलेलं वाटलं. हँडल धरून केस उचलली की रायफल आडवी न राहता एका कडेवर उभी राहते आणि तिचं सगळं वजन कप्प्याच्या खालच्या भिंतीवर येतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मागच्या डायोप्टर साइटभोवती (बारीक छिद्रातून पाहायची साइट) चारही बाजूंनी १५ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली होती, म्हणजे वजन स्टॉकवर येईल आणि साइट अधांतरी राहील. आराखड्याखाली एक ओळ होती: मोजमापे ग्राहकाने मंजूर केली आहेत, कापलेला माल परत घेतला जाणार नाही. मी ‘मंजूर’ असं लिहून पाठवलं आणि पूर्ण पैसे भरले. त्या कागदावर मिलिमीटरपर्यंतचं प्रत्येक माप होतं. फोम कुठला, हे मात्र कुठेच नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं नाही.

फोम आला तेव्हा घरात सगळ्यांना आवडला. काळाभोर, गुळगुळीत. रायफल अलगद बसली, हवेच्या सिलिंडरची जागा, पेलेटच्या (छर्‍यांच्या) डब्याची जागा, बोटं घालायला खाचा. वरून दाबलं तर नमुन्याइतकाच घट्ट. मुलगी म्हणाली, “बाबा, आता हिला स्वतःची खोली मिळाली.”

पहिल्याच दौऱ्यात गडबड झाली. केस जवळजवळ अख्खा दिवस उभी होती, सामानाच्या रांगेत आणि मग गाडीत. पोहोचल्यावर तपासणीसाठी ती उघड्यावर उघडावी लागली, तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मी लगेच टॉवेलने फोम टिपून घेतला. वरून तो कोरडा झाला आणि आम्ही झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सरावाचे शॉट घेताना सगळा ग्रुप, म्हणजे छर्‍यांच्या खुणांचा पुंजका, डावीकडे पडला. तिने साइटचं बटण काही क्लिक फिरवून दुरुस्त केलं. थोड्या वेळाने ग्रुप परत सरकला. तयारीचे आणि सरावाचे मिळून १५ मिनिटं असतात. ती पंधरा मिनिटं मी मागे बसून तिचे खांदे पाहत होतो, आणि ते खांदे हळूहळू वर चढत गेले. ज्याने आपल्या मुलाला नेमबाजीच्या लाइनवर पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी साइट हातात धरून हलवली. तिचा पाया ढिला झाला होता आणि बाजूचं बटण कशावर तरी दाबून राहिल्यासारखं एका अंगाला झुकलं होतं. घरी परतून रायफल स्वच्छ करायला घेतली तर बॅरलच्या एका अंगाला तपकिरी ठिपक्यांची रांग. नेमकी फोमला टेकणारी बाजू.

त्या रात्री मी फोम केसमधून बाहेर काढला. कप्प्याच्या भिंतीत बोट दाबलं. वरचा सेंटीमीटरभर भाग घट्ट होता, त्याखाली बोट लोण्यात गेल्यासारखं गेलं. रंग एकच, काळा, म्हणून डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कोपऱ्यातून ब्लेडने एक काप घेतला तेव्हा मधली गोंदाची रेघ दिसली. वर १० मिलिमीटरचा खरा क्लोज्ड सेल थर आणि त्याखाली पूर्ण जाडी गादीच्या फोमची. वॉटरजेटचा काप सरळ आणि स्वच्छ येतो. खालच्या थराच्या कडा करवतीच्या पात्याने ओढल्यासारख्या लाटालाटांच्या होत्या.

खालच्या थराचा नमुन्याएवढाच तुकडा कापला आणि दोन्ही वजनकाट्यावर ठेवले. नमुना १६ ग्रॅम, हा १० ग्रॅम. दोघांचं आकारमान ५०० घनसेंटीमीटर. म्हणजे नमुन्याची घनता ३२, जाहिरातीच्या जवळपास बरोबर. आलेल्या मालाची २०. मग तो तुकडा पाण्यात धरून एकदा दाबून सोडला. बाहेर काढल्यावर मनगटापर्यंत पाणी ओघळलं.

आता सगळं जुळलं. आराखडा बरोबर होता, माल खोटा होता. साइटभोवतीची १५ मिलिमीटरची मोकळी जागा भिंत टिकली तरच कामाची. रायफल पाच किलोच्या आसपास. दिवसभर उभ्या केसमध्ये मऊ भिंत दबत गेली, स्टॉक खाली उतरला आणि वजन साइटच्या बटणावर आलं. पावसाचे थेंब वरच्या थरावरून टिपले गेले, पण कप्प्याच्या कापलेल्या भिंतींतून खाली मुरले. आणि केसचं रबरी सील, ज्याचं आपण कौतुक करतो, त्याने ती ओल आतच कोंडून ठेवली. चांगल्या केसमध्ये ओला फोम ठेवणं हे उघड्या पिशवीपेक्षा वाईट आहे, हे मी बॅरलवरच्या ठिपक्यांवरून शिकलो.

मी फोन केला. आधी फार गोड बोलले. सर, मापात चूक असेल तर सांगा. मी म्हटलं, माप बरोबर आहे, मटेरियल खोटं आहे. त्यावर, सर, माप तुम्हीच मंजूर केलंय. तीन फोन याच गोल गोल बोलण्यात गेले. चौथ्यांदा नंबर लागलाच नाही. दोन दिवसांनी जाहिरातीतून ‘पॉलिइथिलीन’ हा शब्द आणि घनतेचा आकडा गायब झाला होता. पैसे परत मिळावेत म्हणून पेमेंटची तक्रार केली. तिथे विचारलं, कुठला फोम द्यायचा ठरलं होतं ते लेखी आहे का. माझ्याकडे ‘मंजूर’ लिहिलेला आराखडा होता, जो त्यांच्याच बाजूने बोलत होता. जाहिरातीचा फोटो मी काढून ठेवला नव्हता. तक्रार फेटाळली गेली.

म्हणून जो कुणी फोम कापून घेणार असेल त्याला माझं कळकळीचं सांगणं आहे. नमुन्यावर विसंबू नका. नमुना खराच असतो, त्यासाठीच तो पाठवतात. कापताना तुमच्या रायफलच्या आकाराचा जो तुकडा बाहेर पडतो, तो मालासोबत मागून घ्या. तो त्याच पट्टीतून, पूर्ण जाडीचा निघालेला असतो, आणि प्रामाणिक कारागिराला तो द्यायला काहीच हरकत नसते. त्यातून १० सेंटीमीटरचा घन कापलात तर हिशेब अगदी सोपा होतो: त्याचं वजन जितके ग्रॅम, तितकी किलोमध्ये घनता. ३३ सांगितली असेल तर काट्यावर ३३ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवं. एवढा मोठा घन निघत नसेल तर लांबी, रुंदी, जाडी मोजून गणित करा. नंतर पाण्यात धरून दाबा. हे सगळं रायफल आत ठेवण्याआधी, माल आला त्याच दिवशी. आणि आराखड्यावर फोमचं पूर्ण नाव, घनता, किती थर आणि प्रत्येक थर कशाचा, हे लिहून घेतल्याशिवाय मंजूर म्हणू नका. थर चिकटवणं ही स्वतःमध्ये फसवणूक नाही, जाड फोम पुष्कळदा थरांनीच बनवतात. सगळे थर एकाच मालाचे आहेत ना, एवढंच पाहायचं.

गोंदाबद्दलही सांगतो, कारण हे मला उशिरा कळलं. ताज्या गोंदाचा उग्र वास येत असेल तर फोम केसमध्ये बंद करू नका, मोकळ्या हवेत वास पूर्ण जाईपर्यंत ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कुणी वापरलं असेल तर तो फोम धातूजवळ नकोच. त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि बंद केसमध्ये ते पोलादाला खातं. पीव्हीसीचा फोमही टाळा. आणि फोम कितीही चांगला असला तरी केस ही प्रवासापुरती. घरी आलं की रायफल बाहेर काढून, पुसून, तिच्या कुलूपबंद कपाटात ठेवायची. आम्ही आता हा नियम एकदाही मोडत नाही.

नवा फोम मी आणि मुलीने मिळून घरी कापला. खऱ्या क्लोज्ड सेलच्या पट्ट्या आणल्या. रायफल जाड कागदावर आडवी ठेवून पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढली. लांब पात्याचा कटर, नवं ब्लेड, आणि एका दमात खोल न जाता तीन-चार हलक्या फेऱ्या. केसच्या भिंती तळाकडे किंचित आत झुकतात, म्हणून वरच्या मापाने कापलेली खालची पट्टी बसेना, ती कडेने तासावी लागली. कप्प्याखाली दोन बोटं जाडीचा तळ ठेवला. दिसायला तो पहिल्या फोमइतका देखणा नाही, एका कडेला माझा हात घसरल्याची खूण आहे. पण त्यानंतरच्या तीन दौऱ्यांत साइट जागची हललेली नाही.

पैसे गेले, साइट दुरुस्त झाली, बॅरलवरचे ठिपके तेल आणि बारीक पोलादी लोकरीने (स्टील वूल) बरेचसे निघाले. एक गोष्ट मात्र अजून मला रात्री आठवते. ‘अचूक माप हवं’ म्हणून त्यांनी रायफलचे सर्व बाजूंनी फोटो मागितले होते आणि मी ते दिले. मापासाठी त्यांचा तसा उपयोगही नव्हता. मोबाईलच्या फोटोत कॅमेऱ्याजवळचा भाग मोठा दिसतो, पुढे आलेली साइट तर हमखास. कागदावरची रेषा आणि शेजारी एक मोजपट्टी, एवढं पुरेसं होतं. पण त्या फोटोंत रायफलचा अनुक्रमांक स्वच्छ वाचता येतो. माल कुठे पाठवायचा म्हणून घराचा पत्ता मीच दिला होता. आणि ऑर्डर लवकर मिळावी म्हणून आम्ही स्पर्धेला कुठल्या तारखांना बाहेरगावी असणार, हेही मीच लिहून कळवलं होतं.

पोलिसांकडे याची लेखी नोंद केली आहे. कपाटाचं कुलूप बदललं, ते भिंतीला बोल्टने घट्ट केलं, आणि दौऱ्याच्या तारखा आता घराबाहेर कुणाला सांगत नाही. फोटो पुसून टाका, असा त्यांना शेवटचा निरोप पाठवला होता. त्याला उत्तर आलेलं नाही.