युनिव्हर्सलचा आठ भयपटांचा संच: दैत्यांना मिळणारी माफी

'युनिव्हर्सल क्लासिक मॉन्स्टर्स: द इसेन्शियल कलेक्शन' हा ब्लू-रे संच युनिव्हर्सल स्टुडिओच्या शताब्दी वर्षात, म्हणजे २०१२ साली, बाजारात आला. त्यात १९३१ ते १९५४ या काळातले आठ चित्रपट आहेत: 'ड्रॅक्युला', 'फ्रँकेन्स्टाइन', 'द ममी', 'द इनव्हिजिबल मॅन', 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', 'द वुल्फ मॅन', 'फँटम ऑफ द ऑपेरा' आणि 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'. हे चित्रपट पाहून आज कोणाची झोप उडेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र आठही चित्रपट ओळीने पाहिले की एक गोष्ट लख्ख दिसू लागते, आणि माझ्या मते हा संच घेण्याचे तेच सर्वांत सबळ कारण आहे. पडद्यावर कोणाची कणव करायची आणि कोणाच्या मरणावर हळहळायचे नाही, हे प्रेक्षक ज्या हिशेबाने ठरवतो, त्या हिशेबात मुडद्यांची संख्या जवळजवळ धरलेलीच नसते.

सुरुवात अर्थातच 'फ्रँकेन्स्टाइन'पासून करावी. जेम्स व्हेल यांच्या या १९३१च्या चित्रपटात दैत्य दुष्ट का झाला याचे कारण पटकथेने सरळ सांगून टाकले आहे. दैत्य घडवणाऱ्या हेन्री फ्रँकेन्स्टाइनच्या फ्रिट्झ नावाच्या मदतनिसाच्या हातून निरोगी मेंदूची बरणी फुटते आणि तो गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो. गंमत अशी की हे कारण प्रेक्षक मनावर घेतच नाही. छतावरची झडप उघडून हेन्री फ्रँकेन्स्टाइन प्रकाश आत येऊ देतो, तेव्हा बोरिस कार्लॉफ यांचा दैत्य मान वर करतो, हळूहळू उभा राहतो आणि तो प्रकाश जणू धरता येईल अशा समजुतीने दोन्ही हात वर नेतो. झडप बंद होते, तरी ते तळवे काही क्षण रिकामेच पुढे राहतात. लगेच फ्रिट्झ पेटता पलिता घेऊन येतो आणि दैत्य किंचाळतो. पुढे तळघरात साखळदंडाने बांधलेल्या या जिवाला फ्रिट्झ चाबकाने आणि पलित्याने छळतो, आणि दैत्य जेव्हा त्याला ठार मारतो तेव्हा प्रेक्षागृहात कोणीही फ्रिट्झसाठी उसासा टाकत नाही. खोड कोणी काढली हे आपण पाहिलेले असते, आणि एकदा ते पाहिल्यावर मेंदूची बरणी कोणाच्या लक्षात राहत नाही.

याच चित्रपटातला तळ्याकाठचा प्रसंग मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. मारिया नावाची लहान मुलगी न घाबरता दैत्याला फुले देते आणि ती पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. त्याच्या हातातली फुले संपतात. मग तीही तशीच तरंगेल असे वाटून तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, आणि ती वर येत नाही हे दिसल्यावर गोंधळून, हात चोळत तिथून पळ काढतो. सेन्सॉरच्या आग्रहाने या प्रसंगाचा शेवट कापला गेला आणि कित्येक वर्षे प्रेक्षकांनी कापलेली प्रतच पाहिली. त्या प्रतीत दैत्य मुलीकडे हात पुढे करतो तिथेच दृश्य तुटते, आणि थोड्या वेळाने लग्नाच्या जल्लोषात बुडालेल्या गावातून तिचा बाप तिचे कलेवर हातांवर घेऊन चालत येतो. मधल्या वेळात काय घडले असेल हे प्रेक्षकाने स्वतःच्या मनाने भरायचे, आणि मन अशा वेळी अजाण खेळाची कल्पना करत नाही. हिंसा झाकण्यासाठी लावलेल्या कात्रीने अपघाताला अत्याचाराचा रंग चढवला. हा तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला आणि या संचातल्या प्रतीत तो आहे.

उलट उदाहरण संचाबाहेरचे आहे, पण ते सांगितल्यावाचून हा मुद्दा पुरा होत नाही. आरकेओ कंपनीचा १९३३चा 'किंग काँग' १९३८ साली पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा काँग माणसांना दातांखाली चिरडतो, पायाखाली तुडवतो, एका स्त्रीला इमारतीवरून खाली सोडून देतो, असे तुकडे काढून टाकण्यात आले होते. पुढच्या पिढ्यांनी ज्या हळव्या, प्रेमात फसलेल्या वानराबद्दल अश्रू ढाळले, त्याच्या हळवेपणात त्या कात्रीचाही वाटा होता. एकीकडे कापल्याने दैत्य राक्षस झाला, दुसरीकडे कापल्याने सज्जन झाला. दोन्हीकडे त्याने प्रत्यक्षात केलेले कृत्य तेच राहिले होते.

संचातला सर्वश्रेष्ठ चित्रपट १९३५चा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीची सर्वांत धीट परीक्षाही तोच घेतो. आरंभीच मारियाचा बाप, पहिल्या चित्रपटाच्या शेवटी दैत्यासह जळालेल्या पवनचक्कीच्या ढिगाऱ्यात उतरतो. दैत्याची काळवंडलेली हाडे पाहिल्यावाचून त्याला झोप लागणार नसते. तळाशी साचलेल्या पाण्यात दैत्य जिवंत असतो, तो बापाला मारतो आणि मग आईलाही त्याच पाण्यात ढकलतो. ज्यांची पोर नकळत का होईना त्याच्याच हातून गेली, त्या दोघांचा हा खून आहे. एवढे होऊनही अर्ध्या तासाने प्रेक्षक त्याच्यासाठी डोळे पुसत असतो! हे कसे साधले ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या खुनाच्या पाठोपाठ मिनी नावाची बडबडी मोलकरीण अचानक दैत्यासमोर येते, ऊना ओकॉनर यांची ती सुप्रसिद्ध किंकाळी ऐकू येते आणि लोक हसतात. त्या हशात दोन प्रेते वाहून जातात. पुढे दैत्य पाण्यात पडलेल्या एका मेंढपाळ मुलीला बाहेर काढतो आणि त्याबद्दल शिकाऱ्याची गोळी खातो. तळ्याकाठच्या प्रसंगाची अशी फेड व्हेल यांनी करून घेतली आहे, आणि ती करताना कुठेही बोट दाखवून सांगितलेले नाही.

मग आंधळ्या संन्याशाची झोपडी येते. व्हायोलिनवर 'आवे मारिया' वाजत असते, म्हणून दैत्य दाराशी थबकतो. संन्याशाला तो दिसत नाही, हाच त्या भेटीचा आधार आहे. एकाकीपणात सोबती पाठवल्याबद्दल संन्यासी देवाचे आभार मानतो तेव्हा दैत्याच्या गालावरून अश्रू ओघळतो, आणि दृश्य अंधारत जाताना भिंतीवरचा क्रूस तेवढा काही क्षण उजळलेला राहतो. भाकरी, मित्र, चांगले, वाईट असे शब्द तो इथे शिकतो. या प्रसंगाची नंतर इतक्यांनी टिंगल केली की तो हसू न येता पाहणे अवघड झाले आहे, तरीही मूळ चित्रपटात तो आजही पकड घेतो. दोन वाटसरू येऊन हे सारे मोडतात. ते बिचारे एका खुन्यापासून आंधळ्या म्हाताऱ्याला वाचवतच असतात, पण प्रेक्षक त्यांचा मनापासून राग करतो.

हेन्रीचा जुना शिक्षक डॉ. प्रीटोरियस हे पात्र या हिशेबातले वेगळेच कलम आहे. थडग्यांच्या तळघरात शवपेटीवर पान मांडून जेवणारा हा गृहस्थ कणव मागत नाही आणि त्याला ती कोणी देतही नाही, पण तो पडद्यावरून गेला की चुकल्यासारखे होते. अर्नेस्ट थेसिजर यांच्या चावऱ्या बोलण्यामुळे तो आवडतो. आवडणे आणि कीव येणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि नायक म्हणवणाऱ्या हेन्रीच्या वाट्याला यातली एकही धड येत नाही.

'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) हाही व्हेल यांचाच. क्लॉड रेन्स यांचा शास्त्रज्ञ ग्रिफिन संपूर्ण चित्रपटभर पट्ट्यांत गुंडाळलेला किंवा अदृश्य असतो आणि त्यांचा चेहरा अगदी अखेरच्या क्षणी दिसतो. हा माणूस रुळांचे सांधे बदलून आख्खी आगगाडी कड्यावरून खाली पाडतो. या संचात सर्वांत जास्त बळी त्याच्याच नावावर असावेत. पण तो आवाज, ती ऐट आणि मोकळ्या रस्त्यावर गाणे म्हणत उड्या मारणारी ती रिकामी विजार यांमुळे आपण त्याच्याच बाजूने बसतो. त्याचा सहकारी केंप मात्र पोलिसांना फोन करतो, म्हणजे कोणत्याही सज्जन नागरिकाने करावे तेच करतो. तरीही हात बांधून गाडीतून कड्याखाली ढकललेल्या केंपसाठी जीव तुटत नाही. ग्रिफिन बेपत्ता असताना त्याच्या प्रेयसीजवळ त्याने केलेली लगट आपण विसरलेलो नसतो, आणि त्याचा भित्रेपणा तर डोळ्यांत भरतो. भयपटाच्या प्रेक्षकाला खून पचतात, क्षुद्रपणा पचत नाही, याचा इतका नितळ पुरावा मला अन्यत्र आढळलेला नाही.

हा निवाडा काळाबरोबर बदलतो, हे 'द वुल्फ मॅन' (१९४१) पाहताना जाणवते. लॉन चेनी (धाकटे) यांचा लॅरी टॅल्बट वडिलांच्या दुर्बिणीतून गावातल्या एका खिडकीत डोकावतो, ग्वेन नावाची मुलगी कर्णफुले घालून पाहताना त्याला दिसते, आणि तो तिच्या दुकानात जाऊन नेमकी तसलीच कर्णफुले मागतो. १९४१ साली ही मिश्किली समजली गेली असणार. आज लांडगा होण्यापूर्वीचा लॅरीच अधिक अस्वस्थ करतो. नंतरचा लॅरी मात्र कोणालाही हेलावतो, कारण आपल्या हातून काय घडते आहे हे त्याला कळते आणि त्याचे त्यालाच भय वाटते. लॅरी आणि ग्वेन यांच्या पहिल्या भेटीच्या रात्री दुसऱ्याच लांडग्याला बळी पडलेली ग्वेनची मैत्रीण जेनी मात्र चित्रपटाइतकीच प्रेक्षकही विसरतो.

विसरलेल्या बळींचा प्रश्न 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'मध्ये (१९५४) सर्वांत टोचतो. जॅक आर्नल्ड यांच्या या चित्रपटात संशोधकांची तुकडी ॲमेझॉनच्या एका उपनदीतून दुर्गम डोहात शिरते आणि मासे गुंगवणारे रोटेनोन पाण्यात ओतते. ज्युली ॲडम्स यांची के वर पोहत असते आणि तो जलचर तिच्या खालून, तिच्याच लयीत, पाठ खाली करून पोहत राहतो. धीर करून पावलाला स्पर्श करतो आणि चटकन मागे हटतो. पाण्याखालचा हा भाग रिकू ब्राउनिंग यांनी श्वास रोखून केला आहे आणि त्यातले आर्जव रबरी मुखवट्यातूनही पोचते. एका दृश्यात के संपलेली सिगारेट पाण्यात फेकते आणि खालून तो वर पाहत असतो. घुसखोर कोण, हे तेवढ्याने कळते. भाला रोखून विजयचिन्ह मिळवायला निघालेला तुकडीतला मार्क मरतो तेव्हा आपण सुटकेचा निःश्वास सोडतो. पण या जलचराने सर्वांत आधी तंबूतल्या दोन स्थानिक मदतनिसांना मारलेले असते, आणि त्यांनी त्याचे काहीच बिघडवलेले नसते. त्यांना पडद्यावर पुरती ओळखच मिळालेली नाही, म्हणून त्यांचे मरण जलचराच्या खात्यावर मांडले जात नाही. माझ्या दृष्टीने ही या सुंदर चित्रपटातली खरी खोट आहे.

उरलेल्या तिघांबद्दल थोडक्यात. 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसी यांच्या वाट्याला कणव येत नाही. खरोखर मरून जाणे किती थोर असेल, अशा अर्थाचे एक वाक्य नाट्यगृहात ते बोलतात तेवढाच अपवाद. 'द ममी'तली ममी, म्हणजे इम्होटेप, हजारो वर्षे जपलेल्या प्रेमासाठी उठतो. आपल्याकडच्या मुंज्याच्या गोष्टीतही आधी अपुरी राहिलेली इच्छा येते आणि मग भूत येते, त्यामुळे हे पात्र मराठी वाचकाला परके वाटणार नाही. चित्रपट मात्र संथ आहे. रंगीत 'फँटम ऑफ द ऑपेरा'त (१९४३) दुखावलेल्या वादकाची कर्मकहाणी इतकी सविस्तर सांगितली आहे की कीव येऊन संपते आणि भीतीला जागाच उरत नाही. त्याऐवजी १९३९चा 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' घेतला असता तर संच अधिक एकसंध झाला असता.

तबकड्यांच्या दर्जाबद्दल तक्रार करण्यासारखे फार नाही. कृष्णधवल छायांकनातले काळोखाचे थर नीट उलगडतात, आणि कार्लॉफ यांच्या चेहऱ्यावरची जॅक पिअर्स यांची रंगभूषा इतकी स्पष्ट दिसते की पापण्यांवरचा जड थरही जाणवतो. 'ड्रॅक्युला'च्या तबकडीवर त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्तीही आहे. शिवाय मूळ चित्रपटाला फिलिप ग्लास यांनी नंतर दिलेले संगीत लावून तो पाहता येतो. तसे अवश्य पाहावे, कारण जिथे मुळात शांतता होती तिथे तंतुवाद्ये आली की तोच ड्रॅक्युला एकाएकी दुःखी भासू लागतो. डेव्हिड स्काल आणि टॉम वीव्हर यांची, चित्रपटासोबत ऐकायची निवेदने माहितीने गच्च भरलेली आहेत.

अमेरिकेतून मागवणाऱ्यांनी विक्रेत्याकडे विभागाची चौकशी आधी करावी, कारण ब्लू-रेच्या वाटणीत भारत 'सी' विभागात येतो आणि अमेरिका 'ए'मध्ये. 'क्रीचर'ची त्रिमितीय आवृत्ती पाहण्यासाठी तसा दूरचित्रवाणी संचही लागतो. एवढा खर्च नको असेल त्याने दोन्ही 'फ्रँकेन्स्टाइन', 'द इनव्हिजिबल मॅन' आणि 'क्रीचर' सुटे घ्यावेत. 'फँटम'साठी मात्र वेगळे पैसे मोजू नयेत.